मंडई ते मद्रास

सरकारी नोकराने सरकारी चाकरीखेरीज दुसरी चाकरी पत्करू नये, असा निर्बंध आमच्या महसूल खात्यात फार जुना होता, आणि त्याचे मूळ नीतिशास्त्रात नसून शरीरशास्त्रात होते, असे निवृत्तिवेतन सुरू झाल्यानंतर आता मला निर्भयपणे म्हणता येते. कारण दिवसा फेरफार नोंदवणारा आणि रात्री नाटक कंपनीत पेटी वाजवणारा कारकून अखेर दोन्ही ठिकाणी डुलक्या घेऊ लागतो, आणि मग त्याच्याविरुद्ध जी चौकशी निघते तीत त्याला फेरफारांनी थकवले की पेटीने, हा मुद्दा शाबीत करणे कोणत्याही तहसीलदाराच्या आवाक्यात राहत नाही. मोटारगाड्यांना हा नियम लागू करण्याचे मात्र कोणास सुचलेले नाही. त्यामुळेच आमचे शेजारी भाऊसाहेब, जे वयाने माझ्याहून पुष्कळ धाकटे परंतु वृत्तीने संस्थानिक आहेत, त्यांच्या मारुती एस्टीमवर जो प्रसंग ओढवला त्याची कैफियत लिहून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

एस्टीम ही गाडी १९९४ साली बाजारात आली आणि २००७ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मधल्या काळात ती ज्याच्या दारात उभी असे त्या घरात मुलगी द्यायला लोक फारशी चौकशी करीत नसत. दिसायला ती चार दारांची, निरुपद्रवी, एखाद्या शाखाधिकाऱ्यास शोभणारी. परंतु तिच्या उत्तरकालीन आवृत्तीत १२९८ घनसेंटिमीटरचे, सोळा व्हॉल्व्हांचे, ८५ अश्वशक्तीचे इंजिन होते, आणि गाडीचे वजन ९०० किलोंच्या आतबाहेर असल्याने त्या इंजिनास ओझे असे काही वाटतच नसे. याच कुळातले इंजिन जिप्सीत घालून लष्कराने ते हिमालयात नेले, आणि याच एस्टीमला पोटातून लोखंडी नळ्यांचा पिंजरा घालून देशातल्या रॅलीवाल्यांनी तिला दऱ्याखोऱ्यांतून पिटाळले. अशा शांत चेहऱ्याच्या आणि तापट रक्ताच्या प्राण्याशी भाऊसाहेबांची गाठ पडावी, हा योग असावा.

त्यांच्या घरी हिची नेमणूक दुहेरी होती. वर्षाचे बहुतेक सारे दिवस ती कन्येला शाळेत, वहिनींना बँकेत, भाऊसाहेबांच्या मातोश्री माई यांना गुडघ्याच्या व्यायामासाठी आणि सर्वांची भाजी आणण्यासाठी महात्मा फुले मंडईत नेई. (ही मंडई १८८६ सालची, तिच्या अष्टकोनी वास्तूकडे पाहिले की वाटते, गाड्या उभ्या करायला जागा न ठेवण्याची पुण्याची परंपरा त्या वास्तूहूनही जुनी असावी.) आणि उरलेल्या थोड्या दिवसांत, म्हणजे वर्षातून जे दोनतीन प्रसंग भाऊसाहेबांना रजा आणि वहिनींची संमती यांचा संयोग घडवून आणता येई त्या प्रसंगी, हीच गाडी तामिळनाडूतील श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथे जाई. तेथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने १९९० साली खुला केलेला, सुमारे ३.७ किलोमीटरचा आणि बारा वळणांचा शर्यतीचा मार्ग आहे. त्यापूर्वी हीच मंडळी शोलावरम येथील महायुद्धकालीन धावपट्टीवर आपली हौस भागवीत. हौशी चालकांना मार्ग खुला असतो त्या दिवशी भाऊसाहेब तेथे हजर होत, गाडीची मागची बैठक, जादा चाक आणि माईंची उशी काढून एका ताडपत्रीवर नीट मांडून ठेवत, डोक्यावर शिरस्त्राण चढवत, आणि सायंकाळी सर्व सामान पुन्हा जागच्या जागी बसवून १२०० किलोमीटरच्या परतीच्या प्रवासास लागत. इतर स्पर्धक आपापल्या गाड्या ट्रकवर लादून आणत. गाडीने स्वतः चालत येणे हे त्यांच्या दृष्टीने, नवरदेवाने मांडवात स्वतः मंगलाष्टके म्हणण्यापैकी होते.

माईंना या गोष्टीची वार्ता नव्हती. श्रीपेरुंबुदूर हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान आहे, आणि मुलगा इतक्या दूर जातो तो आचार्यांच्या ओढीने, अशी त्यांची समजूत होती. भाऊसाहेब असत्य कधी बोलले नाहीत. "श्रीपेरुंबुदूरला जाऊन येतो" एवढेच ते म्हणत, आणि रस्त्यावरून गोपुराच्या दिशेने एक नमस्कार करून त्या विधानाची कायदेशीर पूर्तता करून घेत. विमा कंपनीशीही त्यांचे संबंध असेच होते. खासगी मोटारीच्या विमापत्रात शर्यत आणि वेगचाचणी यांसाठी झालेला वापर स्पष्टपणे वगळलेला असतो. ते कलम त्यांनी वाचले होते आणि त्या रविवारांपुरते ते स्वतःचे जामीनदार स्वतःच होत. एकंदरीत आपल्या देशात शर्यत या वस्तूची जात ठरवणे अवघडच आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन झाली, तेव्हा हा खेळ की करमणूक, असा प्रश्न उपस्थित होऊन सरकारदरबारी तो करमणुकीच्या सदरात गेला आणि करावरून वाद झाला. महसूल खात्याचा माणूस म्हणून मला या निर्णयात गैर काही दिसत नाही. ज्यात इतका धूर निघतो आणि हाती काही पीक लागत नाही ती करमणूकच.

धुराचा विषय निघालाच आहे, तर मुख्य प्रकरणाकडे वळतो.

इंजिन झिजते ते एकाएकी नव्हे. ते तेल पिऊ लागते, आणि मालकाला प्रथम ते कळते तरी तो सर्वांत शेवटी कबूल करतो. भाऊसाहेब डिपस्टिक काढून पाहत, पुसत, पुन्हा पाहत, आणि गाडी उतारावर उभी असल्यामुळे पातळी कमी दिसते असा निर्वाळा देत. काही दिवसांनी गाडी सपाटीवर आणली तरी पातळी तीच दिसू लागली तेव्हा, हवेतला उष्मा, तेलाचा पातळपणा, मागच्या वेळी तेल भरणाऱ्या पोराचा हातचा कमीपणा, अशी एकेक साक्ष पुढे आली. डिकीत माईंच्या चाकाच्या खुर्चीमागे तेलाचे एक लिटरचे डबे लपू लागले. धुराची भाषा मात्र लपवता येत नाही. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा धूर हटेना म्हणजे पाणी जळते आहे, आणि निळा म्हणजे तेल. त्यातही वेग कमी करताना निळा निघाला तर व्हॉल्व्हच्या सिलांवर संशय, आणि जोर देताना निघाला तर रिंगांवर. आमच्या सोसायटीचा चढ चढताना भाऊसाहेबांच्या मागे जे निळे आभाळ तयार होई, त्यात पहिल्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या साड्यांनी मुक्काम केला, आणि मग प्रकरण समितीपुढे आले. गंमत अशी की याच सुमारास गाडीला प्रदूषण नियंत्रणाचा दाखला विनासायास मिळाला होता. ती तपासणी गाडी उभी ठेवून करतात, आणि उभ्या अवस्थेत भाऊसाहेबांची गाडी त्यांच्याइतकीच सत्शील असे.

गॅरेजचे मिस्त्री हे अल्पभाषी गृहस्थ. त्यांनी स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मापला. तीन सिलिंडरांचे एकमत झाले, तिसऱ्याने वेगळा सूर लावला. मग त्यांनी त्या तिसऱ्याच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडले आणि पुन्हा मापले. दाब चढला. हा फार जुना आणि फार न्याय्य असा पुरावा आहे: तेलाने फटी बुजून दाब वाढला तर दोष रिंगांचा, न वाढता तर व्हॉल्व्हांना अटक झाली असती. "रिंगा गेल्यात, साहेब," मिस्त्री म्हणाले. "इंजिन उतरवायला लागेल." हे वाक्य उच्चारताना त्यांच्या आवाजात सर्जनच्या आवाजात असते तसली सांत्वनाची छटा नव्हती, आणि भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर दुःखही नव्हते, उलट, ज्या दिवसाची तो मनुष्य अनेक वर्षे भीतीचे सोंग घेऊन वाट पाहत होता तो दिवस उगवल्याचे तेज त्यावर पसरले.

या रिंगांविषयी चार शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. पिस्टन आणि सिलिंडर यांमधली फट बुजवण्यासाठी वाफेच्या इंजिनांच्या आरंभकाळात अंबाडीसारख्या तागाची दोरी गुंडाळत. ती जळे, कुजे, गळे. १८५० नंतरच्या दशकात जॉन रॅम्सबॉटम नामक इंग्रज रेल्वे-अभियंत्याने एका ठिकाणी चिरलेली, स्वतःच्या ताणाने बाहेर दाबणारी धातूची कडी काढली, आणि ती आजतागायत जवळजवळ तशीच चालू आहे. हाच गृहस्थ पुढे, १८६० साली, रुळांमध्ये पाण्याचे हौद बांधून धावत्या इंजिनाने न थांबता पाणी उचलावे अशी योजना करता झाला. थांबण्याचा कंटाळा ही या लोकांची आनुवंशिक व्याधी दिसते. भाऊसाहेबांच्या गाडीत पिस्टनचा प्रवास एका बाजूस ७५.५ मिलिमीटरचा; मिनिटाला ६००० फेऱ्या झाल्या की तो सेकंदात दोनशे वेळा पूर्णपणे थांबतो आणि दोनशे वेळा उलट दिशेने निघतो, आणि त्याचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर भरतो. लक्ष्मी रस्त्यावर जो वेग गाडीच्या नशिबी कधी येत नाही, तो शर्यतीच्या मार्गावर तिच्या पोटातल्या एका वाटीएवढ्या वस्तूला, जागच्या जागी, क्षणोक्षणी सोसावा लागतो.

इंजिन उघडण्याच्या दिवशी गॅरेजात जो दरबार भरला त्यास पंच म्हणून मला नेले होते. वहिनींचा दावा सरळ होता: गाडी शर्यतीने मेली, सबब शर्यत बंद. भाऊसाहेबांचे प्रतिपादन असे की यंत्र पळवल्याने बिघडत नाही, न पळवल्याने बिघडते. मिस्त्रींनी हेड उतरवले, सिलिंडराच्या भिंतीवरून, अगदी वरच्या कडेजवळ, नख फिरवले, आणि ते वहिनींपुढे धरले. नख अडकत होते. जेथे वरची रिंग आपला फेरा संपवून मागे वळते तेथपर्यंत भिंत खाल्ली गेली होती आणि त्यावरची कड जशीच्या तशी होती.

"वहिनी, हे शर्यतीचं नाही. हे मंडईचं काम आहे."

याचा खुलासा असा की थंड इंजिनास चालू राहण्यासाठी पेट्रोल जास्त द्यावे लागते, आणि ते जादा पेट्रोल सिलिंडराच्या भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन टाकते. इंजिन पुरते तापले तर सारे सावरते, परंतु घर ते मंडई या अंतरात ते तापण्यापूर्वीच बंद केले जाते, भाजी घेऊन झाली की पुन्हा थंड सुरू होते, आणि न जळलेले पेट्रोल व पाण्याचा अंश तेलात उतरून तेलाचे सत्त्व नाहीसे करतात. त्यात हवेच्या गाळणीतून सुटलेली धूळ. ही धूळ म्हणजे बारीक वाळूच, आणि ती रिंगांखाली सापडली की भिंत घासतच जाते. कोथिंबिरीच्या दोन जुड्यांसाठी सुरू केलेल्या गाडीने त्यांच्या मोलापेक्षा अधिक लोखंड झिजवले, असे ऐकून वहिनी निरुत्तर झाल्या, आणि भाऊसाहेबांनी अशा अवसरी मनुष्याने करू नये ती गोष्ट केली: ते हसले.

त्यांचे हसू तेलाची टाकी खोलेपर्यंत टिकले. मिस्त्रींनी कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे सोडवून त्यांची कवचे उजेडात धरली, तो त्यांवरची करडी झिलई ओरबाडलेली. लांबलचक वळणावर गाडी वेगाने वळत असता टाकीतले तेल जडत्वाच्या नियमाने बाहेरच्या बाजूस धाव घेते, पंपाचे तोंड उघडे पडते, पंप तेलाऐवजी हवा ओढतो, आणि त्या दोनचार सेकंदांत धातूवर धातू घासते; चालकाचे चित्त त्या वेळी वळणात गुंतलेले असल्याने तेलाच्या दिव्याकडे त्याचे लक्ष नसते. "आणि हे मद्रासचं," मिस्त्री म्हणाले, आणि कवच वहिनींच्या हाती दिले. पंचनाम्यात मी दोन्ही पक्ष दोषी, असे नमूद केले. वरचा अर्धा भाग गृहकृत्यांनी मारला होता, खालचा अर्धा भाग छंदाने; आणि ज्या गाडीला फक्त भाजी आणावी लागते अथवा फक्त शर्यतीत पळावे लागते, तिच्या वाट्याला यातली एकच झीज आली असती.

त्यानंतर लेथवाल्याकडे भोसरीस जाणे आले. सिलिंडराची भिंत वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, प्रत्येकी आडवी-उभी मोजतात. कारण झीज सर्वत्र सारखी होत नाही. रॉडच्या तिरक्या दाबाने पिस्टन एका बाजूस रेलतो, त्यामुळे मूळचा वर्तुळाकार अंडाकृती होतो, आणि वर जास्त व खाली कमी झिजल्याने तो निमुळताही होतो. लेथवाले गृहस्थ मिलिमीटर बोलत नव्हते. "दोन थाऊ खाल्लंय," एवढाच अहवाल. एक थाऊ म्हणजे इंचाचा सहस्रांश, माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी. जमिनीच्या मोजणीत आयुष्य घालवलेल्या मला हे फार अद्भुत वाटले: आमच्या खात्यात बांध हातभर सरकला तरी तीन पिढ्या कोर्टात काढतात, परंतु कोणाचे काही अडत नाही, येथे केसाच्या अंशाने सीमा हलली आणि संपूर्ण संस्थान निळ्या धुरात बुडाले.

उपाय दोन होते. एक, सिलिंडर अर्ध्या मिलिमीटरने मोठे बोअर करून तितक्याच मोठ्या मापाचे पिस्टन आणि रिंगा घालणे. दुसरा, मुंबईस कुर्ल्याच्या भंगार बाजारातून दुसऱ्या एखाद्या मृत गाडीचे इंजिन उचलून आणणे, जे स्वस्त पडले असते. या दुसऱ्या मार्गात इंजिनाचा क्रमांक बदलतो, आणि क्रमांक बदलला की नोंदणी पुस्तकात तो चढवून घेण्यासाठी परिवहन कार्यालयात अर्ज, तपासणी, मूळ इंजिनाच्या मालकीचा पुरावा, ना-हरकत, असा ससेमिरा मागे लागतो. गाडीची पंधरा वर्षे भरल्यानंतर पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर यांचे एक आवर्तन भाऊसाहेबांनी आधीच भोगलेले होते. फेरफार काय असतो हे मी त्यांस समजावून सांगितले. त्यांनी बोअर करण्याचा निर्णय त्याच संध्याकाळी घेतला.

आणि येथून, ज्याला मी या प्रकरणाचा सुवर्णकाळ म्हणेन, तो सुरू झाला. उघडलेल्या इंजिनापुढे उभ्या राहिलेल्या मनुष्याची विवेकबुद्धी एका विशिष्ट वाक्याने निलंबित होते, आणि ते वाक्य उच्चारण्यासाठी मिस्त्रीची आवश्यकता नसते. ते मालकाच्या मुखातून आपोआप बाहेर पडते. "आता उघडलंच आहे तर टायमिंग बेल्ट टाकून घेऊ." हे रास्त होते. "उघडलंच आहे तर पाण्याचा पंप." हेही रास्त, कारण तो त्याच पट्ट्यामागे असतो. तेलाचा पंप, व्हॉल्व्हची सिले, क्लच प्लेट, इंजिनाचे रबरी पाये, रेडिएटरचे पाइप: प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे विचारली असता निर्दोष, आणि सर्वांची बेरीज केली असता वहिनींना दाखवण्याजोगी नाही. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानदाराने भाऊसाहेबांना प्रथम 'साहेब', नंतर 'दादा' आणि अखेर नुसतेच 'या' म्हणण्याइतका घरोबा वाढला.

मग गाडी उघडलीच आहे तर तिला थोडी अधिक बलवान का करू नये, हा विचार आला. अधिक उचल देणारा कॅमशाफ्ट, घोटून मोठी केलेली हेडमधली वाट, घडीव पिस्टन, वाढवलेले कॉम्प्रेशन. या वस्तूंचे गुण खरे आहेत. परंतु असा कॅमशाफ्ट घातलेले इंजिन वरच्या फेऱ्यांत जितके गाते तितके खालच्या फेऱ्यांत कुरकुरते, आणि कन्येच्या शाळेपुढच्या रांगेत उभ्या गाडीचे आयुष्य बहुतांशी खालच्या फेऱ्यांतच जाते. कॉम्प्रेशन वाढवले की महागडे पेट्रोल लागते. सिंहगड रस्त्यावरच्या कोंडीत, डोक्यावर वैशाखाचे ऊन आणि शेजारच्या बैठकीवर माई असताना, शर्यतीचे इंजिन बंद पडण्याचा प्रसंग भाऊसाहेबांनी डोळ्यांपुढे आणून पाहिला असावा, कारण एका सकाळी त्यांनी यादीतील बरीच कलमे स्वहस्ते खोडली आणि तेलाच्या टाकीत आडव्या पट्ट्या बसवणे व तेल थंड करणारी एक छोटी जाळी लावणे, एवढीच ठेवली. माझ्या मते त्यांच्या साऱ्या मोटार-आयुष्यातला हा एकमेव प्रौढ निर्णय होय. पट्ट्यांमुळे वळणावर तेल पळत नाही. आणि पळणारे तेल हेच तर खालच्या भागाच्या मृत्यूचे कारण होते.

दरम्यान भाऊसाहेब बसने जात. रोजच्या उपयोगाची गाडीच शर्यतीची गाडी असली म्हणजे, शर्यतीची गाडी आजारी पडली की रोजचे आयुष्यही तिच्याबरोबर गॅरेजात जाऊन पडते, हा सिद्धांत त्यांना आता पायी चालत समजत होता. बसमध्ये उभे राहूनही त्यांची वृत्ती पालटली नाही. स्वारगेटच्या वळणावर चालकाने आतली कड फार लवकर धरली, त्यामुळे बाहेर पडताना वेग मारला गेला, असे त्यांनी कंडक्टरला सांगितले. कंडक्टरने सुटे पैसे मागितले. घरी जेवणाच्या पानावर दुसरा विषय नसे. रिंगांचे अंतर, तोंडे एकमेकांसमोर न येऊ देण्याची दक्षता, वरची बाजू दाखवणारी खूण, बेअरिंगच्या टोप्या एकमेकांत बदलू नयेत म्हणून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांवर घातलेले आकडे: माई वरणभात कालवीत हे सर्व ऐकत असत आणि मधूनच, "तिसऱ्याचं माप आलं का रे?" असे विचारीत. त्यांनी जन्मात गाडीचे बॉनेट उघडलेले पाहिले नव्हते.

जुळणीच्या दिवशी एक तात्त्विक वाद झाला. हेडचे बोल्ट मधून बाहेर, क्रमाक्रमाने आणि टप्प्याटप्प्याने आवळायचे असतात, यावर एकमत होते. किती आवळायचे यावर नव्हते. भाऊसाहेबांनी त्यासाठी परदेशातून टॉर्क रेंच मागवला होता, ठरलेला जोर लागला की 'टक' असा आवाज करणारा. मिस्त्रींचा भरवसा स्वतःच्या मनगटावर. तडजोड अशी झाली की मिस्त्रींनी मनगटाने आवळावे आणि भाऊसाहेबांनी रेंचने तपासावे. दोन बोल्ट वगळता सर्व ठिकाणी रेंच हलण्यापूर्वीच 'टक' म्हणाला. त्या दोन बोल्टांच्या आधारे भाऊसाहेब आपला विजय झाल्याचे आजही सांगतात, आणि उरलेल्यांच्या आधारे मिस्त्री.

इंजिन प्रथम सुरू करण्यापूर्वी ठिणगी आणि पेट्रोल तोडून ते नुसते फिरवले, तेलाचा दाब चढून दिवा विझला, मग नारळ फुटला, चाकांखाली लिंबे गेली, आणि किल्ली फिरताच इंजिन असे लागले की जणू मधल्या काळात काही घडलेच नाही. जुळणीच्या वेळी लावलेले तेल जळून थोडा धूर झाला, तेव्हा सर्वांचे चेहरे उतरले, आणि तो ओसरताच सर्वांनी आपण घाबरलो नव्हतो असे सांगितले.

पुढचा प्रश्न नवे इंजिन मुरवण्याचा. होनिंग केलेल्या भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी असते, आणि आरंभीच्या प्रवासात रिंगा त्या रेघांवर घासून आपली बैठक जमवतात. मिस्त्री म्हणाले, पहिले हजार किलोमीटर तीन हजार फेऱ्यांवर जाऊ नका. लेथवाले म्हणाले, पहिल्या दिवसापासून दाबा, नाही तर भिंत काचेसारखी होईल आणि रिंगा जन्मात बसणार नाहीत. विलायतेत पूर्वी अशा गाडीच्या मागल्या काचेवर 'रनिंग-इन' अशी पाटी लावून पुढे जाणाऱ्यांची क्षमा मागण्याची चाल होती; पुण्यात पुढे जाणारा क्षमेसाठी थांबत नाही. वस्तुतः दोन्ही पंथांत सत्याचा अंश आहे. फेऱ्या कमी हव्यात, पण भार हवा. एकाच वेगाने रांगणे घातक. चढ चढावा, उतारावर पाय काढून घ्यावा, थांबावे, पुन्हा निघावे. हे सर्व मंडईच्या वाटेवर होणार कसे, या विवंचनेत भाऊसाहेब असता माईंनी तो प्रश्न सोडवला.

"इतक्या वेळा आचार्यांच्या दर्शनाला जातोस," त्या म्हणाल्या, "एकदा मला ने की. गाडी नवी झालीय. माझे गुडघेही आता बरे आहेत."

मुरवण्याचे अंतर हजार किलोमीटर, श्रीपेरुंबुदूर बाराशे. नकार देण्यास भाऊसाहेबांजवळ एकही कारण उरले नाही, आणि खरे पाहता कोणत्याही अभियंत्याने याहून उत्तम कार्यक्रम आखला नसता. माई मागे बसल्या होत्या म्हणून फेऱ्या तीन हजारांवर गेल्या नाहीत; खंबाटकीचा घाट चढताना भार मिळाला, उतारांवर पाय सुटला; कोल्हापुरास अंबाबाईचे दर्शन, पुढे दर दोन तासांनी चहा, दुपारी झाडाखाली पाठ टेकणे, यांमुळे वेग सतत बदलत राहिला. बंगळूर ओलांडेपर्यंत मुरवणीचे अंतर बहुतेक पुरे झाले. डिपस्टिकवर तेल जिथल्या तिथे. श्रीपेरुंबुदूरच्या मंदिरात माईंनी आचार्यांपुढे हात जोडले, मुलाच्या भक्तीबद्दल समाधान व्यक्त केले, आणि बाहेर आल्यावर, वाऱ्यावरून येणारा तो घरघराट कसला, असे विचारले.

दिवस खुल्या मार्गाचा होता; या योगायोगाबद्दल भाऊसाहेब आजवर काही बोललेले नाहीत. माईंना पॅडॉकमध्ये, ताडपत्रीवर उतरवलेल्या आपल्याच गाडीच्या मागल्या बैठकीवर, आपल्याच उशीला टेकवून बसवण्यात आले. मुलगा त्या आवाजात गाडी घेऊन गेला आणि परत आला, पुन्हा गेला आणि परत आला, हे त्यांनी शांतपणे पाहिले. रामानुजाचार्यांविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांचे लक्ष शेजारच्या जागेत येऊन थांबलेल्या एका लाल गाडीकडे होते. तिच्या मालकाने ती हलवण्यासाठी जोर दिला तशी मागून एक निळी लकेर निघाली. माई उशीला हात देऊन सावकाश उठल्या आणि त्या अपरिचित गृहस्थाच्या खिडकीपाशी गेल्या.

"तेल खातेय हो तुमची. रिंगा गेल्यात," त्या म्हणाल्या. "चमचाभर तेल घालून बघा. आणि उघडाल तेव्हा पाण्याचा पंपही टाकून घ्या."

त्या गृहस्थांना मराठीचे अक्षर ठाऊक नव्हते. तरी त्यांनी इंजिन बंद केले, खाली उतरले, आणि बॉनेट उघडले.